रविवारच्या पेशी

दुर्गेश्वरीने तांब्याच्या जाळीची पेटी पुन्हा उघडली, सुईखालचा यीस्टचा थेंब बदलला आणि दार लावले. पडद्यावरची रेघ परत थरथरू लागली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"सुकरामभाऊ, हे उकळलेलंच आहे ना?"

"वीस मिनिट उकळलं जी," प्रयोगशाळेचा परिचर सुकराम म्हणाला. "एवढा त मी भात बी नाई शिजवत."

ती हसली नाही. जिवंत पेशी दुभंगताना तिच्या आतल्या सूक्ष्म नळ्या कंप पावतात आणि विजेचा अतिशय क्षीण संकेत बाहेर येतो, हे तिला प्रबंधात दाखवायचे होते. चार वर्षे तिने तो नोंदवला होता. तितकीच वर्षे उकळून मारलेल्या पेशी गप्प होत्या.

"मेलेले बी बोलून राहिले काय?" सुकरामने पडद्याकडे पाहत विचारले.

"आजच का पण?" ती म्हणाली.

"दरखेपी मेलेल्याचं तुम्ही रविवारी करता. या रविवारी सौंदडले भाचीचं लगन हाय, म्हणून मी आज मंगळवारीच उकळून देलं." सुकरामने टेबलावर तळहात टेकवला. "हात ठेवून पाहा. भिंतीपल्याड राईस मिल चालू हाय. रविवारी बंद राह्यते."

तिने हात ठेवला. टेबल बारीक हादरत होते. जाळी बाहेरची वीज अडवत होती, हादरे नाही. जिवंत पेशी तिने कायम सोमवार ते शनिवारच, मिल चालू असतानाच मोजल्या होत्या.

तिचे मार्गदर्शक केशोराव सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीत पुस्तकांची खोकी बांधून ठेवली होती. सगळे ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"मंगळवारी करायला कोणी सांगितलं होतं?"

"सर, रविवारी जिवंत पेशी लावून बघू?"

"बघितलंस तर पहिल्यापासून सुरुवात. आणि माझ्यानंतर इथं हा विषय घेणारा गाईड नाही." प्रबंध सादर करण्याचा अर्ज त्यांनी पुढे सरकवला. सही झालेली होती. "तारीख तू टाकून घे, बेटा."

ती उठून गेली तेव्हा अर्ज टेबलावरच होता.

प्रयोगशाळेत तिने नोंदवही उघडली. मंगळवार. मृत पेशी. संकेत आहे. मग चार वर्षे मागे, पहिल्या पानावर गेली आणि पहिल्या तारखेपाशी पेन टेकवून थांबली.

"आता काय करून राहिल्या जी?"

"प्रत्येक तारखेसमोर वार लिहायचा आहे."

सुकरामने हात पुसले, मोबाइलमध्ये जुने कॅलेंडर काढले आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"सांगा तारीख," तो म्हणाला.