इस्त्रीच्या खोलीतलं भांडण

लॉन्ड्रीवाल्याला बायकोबद्दल एखाद्या माणसाचा संशय आला असता तर एक वेळ परवडलं असतं. माणसाला गाठता येतं, त्याची कॉलर धरता येते. पण याचा जळफळाट होत होता तो थेट देवावर. आणि स्वतःला श्रद्धाळू म्हणवणाऱ्या माणसाने ही गोष्ट सांगायची तरी कुणाला?

दुकान तसं लहानच. पुढे काउंटर, तिथे हा. मागे लोखंडी दांडीवर टांगलेल्या कोटांची आणि साड्यांची रांग, आणि त्या रांगेपलीकडे इस्त्रीची खोली, तिथे ती. मधे दार नव्हतंच, कपड्यांचाच पडदा. सकाळी वाफेची इस्त्री फुसफुसायला लागली की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"तुला जरा तरी लाज वाटते का रे? सगळं जग तुझ्यापुढे हात जोडतं आणि तू ढिम्म. बघत होतास ना त्या रात्री? मग कुणाच्या तरी तोंडून वदवायचंस, ऊठ म्हणून! एका माणसाच्या डोक्यात प्रकाश पाडायला तुझं काय जात होतं?"

मग इस्त्री दाणकन आपटायची. मग थोडी शांतता, जणू पलीकडचा काहीतरी सारवासारव करतोय. आणि मग पुन्हा, "हे मला नको सांगूस. दुसरं बोल."

दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक गेली होती. नऊ वर्षांची. काउंटरवर बसून तुटलेली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची, म्हणून सगळी गिऱ्हाइकं तिला बटणी म्हणायची. पोटात दुखायला लागलं, रात्रभर दुखणं वाढत गेलं आणि सकाळी हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. भेटायला आलेल्या प्रत्येकाला लॉन्ड्रीवाला एकच सांगायचा, "देवाची इच्छा." हे वाक्य त्याला इतकं पाठ झालं होतं की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते बाहेर पडायचं. प्रार्थनाघरात तो आजही पहिल्या रांगेत बसायचा. देवाला प्रश्न विचारणं हे ज्यांचा विश्वास डळमळीत असतो त्यांचं काम, असं त्याचं ठाम मत होतं, आणि आपला विश्वास डळमळीत नाही याचा त्याला थोडा तोराही होता.

म्हणजे बायको देवाला जाब विचारते याचा त्याला राग यायला हवा होता. यायचाही. पण खरं सांगायचं तर तो राग वरवरचा होता. आत निव्वळ मत्सर होता.

कारण ही बाई पूर्वी याच्याशी भांडायची! काय भांडायची! नळ उघडा राहिला म्हणून, घोरण्यावरून, त्याच्या थोरल्या बहिणीने तिला न विचारता पडदे बदलले त्यावरून. एकदा तर खांद्यावर टॉवेल टाकून तो अंघोळीला निघाला आणि भांडण संपेपर्यंत पाणी थंडगार झालं. भांडण झालं की दोघांना सपाटून भूक लागायची. आणि आता? "निळा सूट झाला." "अस्तर उसवलंय, गिऱ्हाइकाला आधीच सांगा." संपलं. घरी गेल्यावर "जेवायला वाढलंय." याच्या वाट्याला एवढंच. बाकी सगळा राग, सगळे टोमणे, सगळं रडणं देवासाठी राखून ठेवलेलं. संसार केला मी, आणि मन मोकळं करते त्याच्याकडे, असं त्याला वाटायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

तो चोरून ऐकायला लागला. लांब ओव्हरकोटांमध्ये तोंड खुपसून, श्वास रोखून, एखादा हेर उभा राहील तसा. त्या नादात त्याने वकीलबाईंच्या काळ्या कोटाची चिठ्ठी हॉटेलातल्या वेटरच्या जाकिटाला लावली. वकीलबाई संतापून परत आल्या आणि म्हणाल्या, "मी कोर्टात काय सूप वाढू?" त्याने माफी मागितली, पण चित्त सगळं मागच्या खोलीत. तिथे ती हळू आवाजात म्हणत होती, "तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

हे मात्र त्याला सहन झालं नाही. कोट बाजूला सारून त्याने मान आत घातली. "काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली आणि शर्टाची बाही उलटी केली.

त्या दोन शब्दांनी त्याची झोप उडवली. दुसऱ्याच दिवशी तो प्रार्थनाघरातल्या काकांकडे गेला. काका म्हणजे तिथले सर्वांत वडीलधारे. प्रवचन द्यायचे, लग्नं जुळवायचे, भांडणं मिटवायचे. "बायको देवाला वाटेल ते बोलते," याने गाऱ्हाणं मांडलं. "पाप लागेल तिला. तुम्ही समजावा." मत्सराचं अवाक्षर काढलं नाही. उलट चेहरा इतका चिंतातुर केला की काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काका आले. इस्त्रीच्या खोलीत स्टूलावर बसले. हा कपड्यांच्या रांगेशी घुटमळत राहिला.

"बेटा," काका म्हणाले, "देवाकडे मागावं, त्याचे आभार मानावेत. जाब विचारू नये. आपण त्याला कितीसं ओळखतो?"

"ओळखत नाही म्हणून तर विचारते, काका. तो नाहीच असं वाटलं असतं, तर भिंतीशी कशाला डोकं फोडलं असतं?"

काकांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "तुम्ही कधीच नाही विचारलंत?" तिने विचारलं.

काकांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "विचारलं होतं. माझी बायको गेली तेव्हा. उत्तर आलं नाही, बेटा. ती शांतता फार वाईट असते. म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नकोस."

तिने मान डोलावली. काकांचा मान राखायचा म्हणून की दमली होती म्हणून, कोण जाणे. पण त्या दिवसापासून तिने भांडण बंद केलं. सकाळी इस्त्री फुसफुसायची आणि नुसती फुसफुसत राहायची.

लॉन्ड्रीवाला खूश झाला. आता रान मोकळं! आता ती वळेल ती माझ्याकडेच, जाईल कुठे? त्याने मुद्दाम नळ उघडा ठेवला. तिने येऊन बंद केला. पडद्यांचा विषय काढला. "चांगले आहेत पडदे," ती म्हणाली. त्याने ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. तिने तो उचलून वाळत घातला. अहो, एवढे खटाटोप तर त्याने लग्नाच्या वेळीही केले नव्हते. पण तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती धरलीच. हळूहळू जेवणही कमी झालं. एका दुपारी तो मागे गेला तर ती इस्त्री उभी करून नुसती भिंतीकडे बघत होती आणि टेबलावरचा पांढरा सदरा तसाच चुरगळलेला पडला होता.

तेव्हा तो घाबरला. देवाकडून तिला हिसकावून घ्यायला गेलो आणि ती कुणाचीच राहिली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पण मत्सर असा चिवट, की त्या भीतीतही त्याच्या तोंडून निघालं ते हेच:

"त्याच्याशी तासन् तास बोलत होतीस. माझ्याशी का नाही? माझ्यात काय कमी आहे?"

"काही नाही. पुढे जा, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. जे त्याला विचारत होतीस ते मला विचार."

"नको."

"का नको? तो तुझा कोण लागतो? मी नवरा आहे तुझा!"

"हट्ट करू नका. पाया पडते तुमच्या."

"नाही. आज विचारच."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि याला क्षणभर, खरंच सांगतो, जिंकल्यासारखं वाटलं.

"त्या रात्री पोरगी पोट धरून कळवळत होती. मी म्हटलं गाडी बोलवा. तीनदा म्हटलं. तुम्ही गुडघे टेकून बसलात आणि मला म्हणालात, सकाळपर्यंत थांब, विश्वास ठेव. का थांबवलंत?"

त्याने तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य जिभेवर तयारच होतं. पण समोर तिचा चेहरा होता, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना. तो धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं, प्रार्थना अर्ध्यावर सोडून आपण धावलो, तर त्याला वाटेल आपला भरवसा उडाला. तो रागावेल. मनात आलं होतं माझ्या, जाऊ या म्हणून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलं. मी दाबून टाकलं. शंका घ्यायची नसते ना."

ती त्याच्या शेजारी, त्याच गाठोड्यावर, बसली.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "रोज त्याच्याशी भांडत होते. सगळा दोष त्याच्यावर घालत होते, आणि तो घेत होता. त्याला म्हणायचे, तूच केलंस असं मला पटव. कसंही करून पटव. नाहीतर हे मला यांना विचारावं लागेल, आणि मग मी यांच्या घरात कशी राहू?"