सोनेरी दातांवरचं प्लास्टिक

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो. गेली अकरा वर्षं फर्निचरसाठी नावाजलेल्या दुम्यात गावातल्या एका सुताराच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर उभा आहे. टेबल त्यानेच केलं आहे, त्यामुळे ते डगमगत नाही. मी मात्र डाव्या बाजूला थोडा कलतो.

मी जिथे बनलो त्या कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती खोक्यातून मला उचलणाऱ्या दोन हातांपासून. एका हाताची दोन नखं काळी पडली होती आणि बोटं भुशाने माखली होती. ते हात उस्ता बदीरचे. आमच्याकडे सगळ्याच सुतारांना उस्ता म्हणतात, पण बदीरला म्हणताना लोकांचा आवाज आपोआप खाली येतो.

या बदीरची एक रीत होती. त्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पितळी कडीवर, पॉलिश केलेल्या प्रत्येक फळीवर तो पातळ, पारदर्शक, चिकट प्लास्टिक बसवायचा. मग धारदार पातीने त्याची कड अशी कापायचा की ते तिथे आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये. "नव्या वस्तूला पहिलं बोट मालकाचं लागलं पाहिजे," असं तो म्हणे. माझ्या काळ्या चौकटीवरही त्याने पहिल्याच दिवशी ते चढवलं. गिऱ्हाईक घरी गेल्यावर प्लास्टिक काढतं. या घरात माझा मालक कोण, हे कधी ठरलंच नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

माझ्या चेहऱ्याला तर हात लावायचीच बंदी होती. "बोट दाखवायचं तर लांबून दाखव," असं तो मुलीला, रेहाबला, बजावायचा. तिने माझ्यावर पहिली खुर्ची काढली तेव्हा तिचे तीनच पाय दिसत होते.

"चौथा पाय भाड्याने दिलास का गं?" बदीर म्हणाला.

"मागे आहे, बाबा. दिसत नाहीये."

"न दिसणाऱ्या पायावर माझं गिऱ्हाईक बसायचं नाही."

रेहाब शिकली, मोठी झाली. बापाच्या हातच्या नक्षीच्या खुर्च्या ती हुबेहूब काढू लागली. मी दिवसभर उजळलेला असे आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटे. तो काळ सुखाचा होता.

मग मोठ्या कारखान्यांचं स्वस्त फर्निचर आलं आणि बदीरच्या कारखान्यातले कारागीर एकेक करून निघून गेले. यंदा रास अल-बर्रच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने शेवटची आशा दाखवली. "साठ खुर्च्या मांडलेला हॉल पडद्यावर फिरून बघायचाय मला. गुरुवारी दुपारपर्यंत दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे जातो." काम मिळालं नाही तर कारखान्याला कुलूप लावायचं, हे बदीरने घरात सांगून टाकलं होतं.

कॉम्प्युटरच्या पेटीतलं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र तयार करून माझ्याकडे पाठवणारा भाग, सहा खुर्च्यांतच धापा टाकायचं. म्हणून रेहाबने कुवेतहून येणाऱ्या मामाकडून नवं कार्ड मागवलं. रविवारी ते आलं तेव्हा ती हॉलची मापं घ्यायला गेली होती. बदीरने "नुसतं बघतो" म्हणत खोकं उघडलं. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग होती. त्याने ती कौतुकाने न्याहाळली. "केवढं नाजूक काम आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग खिशातून प्लास्टिक काढलं, त्या दातांवर दोन्ही बाजूंनी बसवलं, पातीने कड कापली आणि कार्ड होतं तसं खोक्यात ठेवलं.

मी हे सगळं पाहिलं, मित्रांनो. पण पेटीतून जे येईल तेवढंच मला दाखवता येतं.

संध्याकाळी रेहाबने कार्ड बसवलं. "जरा घट्टच जातंय," ती म्हणाली. पेटी सुरू झाली, कार्डाचे पंखे फिरले, आणि मी म्हणालो, "सिग्नल नाही." मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

तिने केबल बदलली. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. विजेची जोडणी तपासली. जुनं कार्ड लावलं की मी उजळे, नवं लावलं की विझे. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी गल्लीतला वगीह आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे इंजिनिअरच म्हणतात, आणि वगीहला ते आवडतं.

"कार्डाला वीज मिळतेय, पंखे फिरतायत," तो म्हणाला. "दोष या म्हाताऱ्याचा आहे. नव्या कार्डाची भाषा याला कळत नाही. संध्याकाळी मी नवा मॉनिटर घेऊन येतो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नवा आला असता तरी तोही माझ्यासारखंच "सिग्नल नाही" म्हणाला असता, आणि गुरुवार हातचा गेला असता.

दुपारी गल्लीत भंगारवाल्याची "बिकिया, बिकिया!" अशी आरोळी आली. बदीरने त्याला वर बोलावलं. माझ्याकडे न बघताच बोलावलं, एवढं मात्र मी सांगेन.

भंगारवाल्याने मला उलटसुलट पाहिलं. "वरचं प्लास्टिक काढ, उस्ता. खाली भेगा असतील तर?"

"माझ्या मालाला भेगा?" बदीर गुरगुरला. पण त्याने नखाने कोपरा उचलला आणि अकरा वर्षांचं प्लास्टिक सर्रकन ओढून काढलं. खालची चौकट पहिल्या दिवसासारखी लख्ख होती.

रेहाब बघत राहिली. "बाबा, यावर प्लास्टिक होतं? मला कधी दिसलंच नाही."

"दिसलं तर ते काम कसलं? घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर चढवतो मी."

"प्रत्येक?"

बदीरचा हात थांबला. "त्या तुझ्या कार्डावर... फक्त सोनेरी भागावर. तेवढाच उघडा होता ना."

रेहाबने कार्ड बाहेर काढलं, दातांच्या कडेला नख घातलं आणि प्लास्टिक सोललं. "त्या दातांनीच ते बोलतं, बाबा," एवढंच म्हणाली.

बदीर स्टुलावर बसला. "म्हणजे माझ्या कारखान्याचा गळा मीच दाबत होतो."

पेटी सुरू झाली आणि मी उजळलो. साठ खुर्च्यांचा हॉल माझ्यावर हळूहळू फिरू लागला. एक खुर्ची पुढे आली, वळली, आणि तिच्या पाठीवरची द्राक्षवेल दिसली. बदीरच्या बापाची नक्षी होती ती. तिला चारही पाय होते. बदीर उठला, जवळ आला आणि त्याने ती वेल बोटाने चाचपली.

माझ्या चेहऱ्यावर त्याने टेकवलेलं ते पहिलं बोट.

भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. गुरुवारी हॉटेलवाला टेबलापाशी तासभर बसला आणि जाताना हात मिळवून गेला. आता खालच्या कारखान्यातून रंध्याचा आवाज येत असतो.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, धूळ पुसा. पण तिला जिथून बोलायचं असतं ती जागा झाकू नका, आणि ती गप्प झाली तर तिला म्हातारी ठरवण्याआधी आपण काय झाकलंय ते एकदा बघा. माझ्या उजव्या कोपऱ्यात एका बोटाचा ठसा आहे, भुशाचा आणि पॉलिशचा. रेहाब रोज माझा चेहरा पुसते, पण तेवढा कोपरा सोडून.