पंचवीस तारखेनंतर

माह्यावानी हुशार नर्स साऱ्या झरी तालुक्यात नाई, असा मले लय माज होता. आता ते आठवलं का मान वर करू वाटत नाई.

औंदा साऱ्या देशासाठी वरून उद्दिष्ट आलं. शुगर, बीपी, दम्याच्या पेशंटले गावातच वेळेवर इलाज द्या, म्हंजे त्याईले दवाखान्यात भरती व्हा लागनार नाई. गोष्ट चांगलीच होती. पन आमच्या मीटिंगमंदी तिचा निस्ता आकडा उरला. ज्या उपकेंद्राच्या भरत्या कमी, त्या नर्सचा सत्कार. रिपोर्ट पंचवीस तारखेले बंद व्हायचा. त्याच्यानंतरची भरती पुढच्या महिन्यात.

बावीस तारखेले इंदूबाई आली, नवऱ्याच्या गाडीवर बसून. तिले शुगर. कापूस वेचताना पायाच्या बोटात खुंट घुसला होता. बोट काळं पडलं होतं, वास येत होता. असा पाय दिसला का तेव्हाच चिठ्ठी लिहून यवतमाळले पाठवा लागते. मले कोनी शिकवाची गरज नोयती. चिठ्ठीचं बुक हातात घेतलंही होतं. समोर भिंतीवर माहा तक्ता होता, त्या महिन्यात एकही भरती नाई.

म्या बुक खाली ठेवलं. "रोज पट्टी करून देते, इंदूबाई. पंचवीस झाली का यवतमाळले जाजा."

"काहून? मोठा डॉक्टर पंचवीसनंतरच भेटते काय?" तिच्या नवऱ्यानं, बळीरामभाऊनं इचारलं.

"हो," मी म्हटलं. जीभसुद्धा अडखळली नाई माही.

बिचारी रोज लंगडत आली. मी पट्टी बदलत गेली, चांगलं होऊन राह्यलं म्हनत गेली. सव्वीसले तिले थंडी वाजून ताप भरला. यवतमाळले नेलं, तं घोट्याच्या वरून पाय काढा लागला. चार दिवस आधी आनलं असतं तं बोटावरच भागलं असतं, असं डॉक्टरनं म्हटलं. बळीरामभाऊनं माहं नाव नाई घेतलं. आमचाच उशीर झाला म्हने.

तिकडं माहा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. लाज वाटली नाई काय, असं कोनी इचारलं तं सांगते, वाटली. तरी शाल घेतली.

इंदूबाई घरी आल्यावर आठ दिवस माही हिंमत झाली नाई. मंग गेली. ती बाजेवर बसून होती, पायावर लुगड्याचा पदर ओढून. मले पाह्यल्यावर तिनंच सुनेले चहा ठेवाले सांगतलं.

"ममताबाई," ती हळूच म्हने, "तुमच्या तक्त्याचं मले मालूम होतं. माह्या भरतीनं तुमचा नंबर गेला असन ना?"

मले तिच्याकडं पाहता येईना.

"नाई गेला, इंदूबाई," मी म्हटलं. "पयला आला."