आयोनीच्या सुट्टीचा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. प्लॅस्टिकचा, माणसाच्या छातीपर्यंत येणारा. आता मी कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर विंडवर्ड गावात, मेल्डाच्या अंगणात उभा असतो. पन्हळीचे पाणी माझ्यात पडते. उन्हाने माझा रंग उडाला आहे आणि काठाला एक चीर गेली आहे. पण मित्रांनो, मी पाणी भरायला इथे आलो नव्हतो. मी एका सुट्टीसाठी निघालो होतो.

सुरुवातीला माझ्यात खारवलेली ऑलिव्हची फळे होती. ती संपल्यावर कॉस्मोरने मला इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या बाजारातून विकत घेतले आणि चढावरून लोळवत घरी नेले. त्याच्या बायकोने, आयोनीने, मला सोड्याने घासले, उन्हात पालथे घातले, नाक आत घालून वास घेतला आणि पुन्हा घासले. तेवढ्या मायेने मला आधी कोणी हात लावला नव्हता.

दोघेही याच बेटावरचे. तरुणपणी इंग्लंडला गेले. तो लोकरीच्या गिरणीत राबला, ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. मध्ये बेटावर आले ते प्रत्येक वेळी मयतालाच. काळे कपडे घालून यायचे आणि रडून परत जायचे.

"या खेपेला कुणी मेलेलं नसताना जायचं," आयोनी म्हणाली. "गोऱ्या पाहुण्यांसारखं समुद्राकाठी खुर्ची टाकून बसायचं. कुणीतरी नारळपाणी आणून द्यायचं."

"तुझी बहीण बसू देईल होय?" कॉस्मोर हसला. "दुसऱ्या दिवशी मेल्डा तुला तुरीच्या शेंगा सोलायला बसवेल."

"मग खुर्चीत बसून सोलेन."

बेटाची माणसे घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. आधी ड्रम बोटीने जातो, मग माणसे विमानाने. ड्रमचे भाडे वजनावर नसते. भरलेला असो की अर्धा, तेवढेच पडते. त्यामुळे अर्धा ड्रम कोणी पाठवत नाही. तसा पाठवला तर लोक हसतात.

मला दाराजवळच्या बोळात ठेवले होते. आयोनी तांदूळ आणी, तेल, साबण, टॉवेल, मेल्डासाठी चपला आणी. एकात एक वस्तू अशी बसवी की वाऱ्यालाही जागा राहू नये. सगळ्यात वर तिने स्वतःचा पोहण्याचा पिवळा पोशाख ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती झाकण उघडून दाखवी. त्या दिवसांत मला फार अभिमान वाटे.

पण मी काही भरत नव्हतो. बेटावर वादळ झाले, की तिने मला अर्धे रिकामे करून दुसऱ्या कोणाच्या ड्रममधून सामान पाठवलेच. भाचीचे लग्न ठरले, टॉवेल गेले. शेजारणीचे घर जळाले, तांदूळ गेला. पिवळा पोशाख तेवढा राही. तो ती दर वेळी काढून पुन्हा वर ठेवी.

मग तिला जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी हृदयाचे दुखणे सांगितले.

"ड्रम राहू दे," कॉस्मोर म्हणाला. "आपण दोघंच जाऊ. मी तिकिटं काढतो."

"आणि मेल्डाच्या दारात हात हलवत उभी राहू? लोक म्हणतील, इंग्लंडात जाऊन भिकारी झाली."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय, तू बेटाच्या पलीकडच्या लेस्टेर गावचा. तुमच्याकडं दोन दिवस बोलून विसरतात. विंडवर्डची माणसं मेल्यावरसुद्धा बोलतात." तिने खुर्ची ओढून बसत माझ्यात डोकावले. "थोडंच राहिलंय रे. वीतभर."

ती वीतभर जागा मला तेव्हा काहीच वाटली नव्हती.

आयोनी फेब्रुवारीत गेली. तिला बाहेर नेताना बोळात मी आडवा येत होतो. मला भिंतीशी सरकवावे लागले.

पुढे बरेच दिवस माझ्याकडे कोणी पाहिले नाही. माझ्यावर टोप्या पडत, आलेली पत्रे पडत. एके सकाळी कॉस्मोरने ते सगळे उचलले आणि झाकण काढले. पिवळा पोशाख त्याने बाजूला ठेवला. मग तिचे कपडे आणून तो माझ्यात भरू लागला. तिच्यासारखे रचायला त्याला जमेना. शेवटी त्याने तिचा लोकरीचा जाड कोट वर कोंबला, गुडघ्याने दाबला, आणि झाकण बसले. मी काठोकाठ भरलो होतो.

मी बोटीने आलो. तो काळ्या कपड्यांत आला.

मेल्डाने अंगणात मला उघडले. गावातल्या बायका जमल्या. झगे वाटले गेले, चपला मेल्डाने स्वतः घातल्या. मग कोट निघाला.

"हा इथं कोण घालणार, कॉस्मोर?" मेल्डाने विचारले.

"कुणी नाही."

"मग आणलास कशाला?"

"जागा होती," तो म्हणाला.

यावर कोणी काही बोलले नाही. विंडवर्डची माणसे असूनही.

त्या संध्याकाळी मेल्डाने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला, तूर आणि मासे केले. इथल्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचे ताट वेगळ्या मेजावर मांडले आणि खोलीचे दार ओढून घेतले. कॉस्मोर दाराबाहेर पायरीवर बसून राहिला. आत जेवणारी घाईत असू नये, एवढीच काळजी असल्यासारखा.

मित्रांनो, माझ्यासारखे ड्रम पुष्कळ मिळतात. माझी चीर बुजवली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी कुठे जायचे म्हणत असेल, तर माझ्यात किती जागा उरली आहे ते बघत बसू नका. मला अर्धाच पाठवा. लोक हसतील, तर तुम्ही दोघे मिळून ऐका.