दुसऱ्या अंकातली ट्रंक

थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी धाकट्याने ट्रंकेत विटा भरल्या. वर गोणपाट दाबलं, झाकण लावलं आणि कडी घातली. रंगमंचामागची खोली अरुंद होती. तालीम मास्तर दारातच अडले.

"हे काय चाललंय?"

"ट्रंक भरतोय, मास्तर."

"माझ्या गुरूंच्या काळापासून ती रिकामी आहे. प्रेक्षक काय वजनकाटा घेऊन येतात?"

"आज माझा दादा येतोय."

नाटक जुनं, नावाजलेलं. दुसऱ्या अंकात हमाल ट्रंक घेऊन येतो, झोकांड्या खात मालकाच्या पायाशी आडवा होतो आणि नाट्यगृह हसून लोटपोट होतं. हमालाचं काम बरीच वर्षं धाकट्याकडे होतं. थोरला मालधक्क्यावर खराखुरा हमाल. धाकट्याला त्याने ओझ्याला कधी हात लावू दिला नव्हता, आणि नाटकालाही तो कधी आला नव्हता.

लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाकडच्या एकाने त्या हमालाची नक्कल केली. सगळे हसले, थोरलाही हसला. मग हात धुताना त्याने हळूच विचारलं होतं, "तूही असाच पडतोस का रे?"

धाकट्याने त्याला आजच्या प्रयोगाला बोलावलं होतं.

"पडला नाहीस तर हशा जाईल," मास्तर म्हणाले. "हशा गेला की उद्यापासून तूही गेलास."

"जाईन. पण आज पडणार नाही."

पडदा ओढणाऱ्या दोघांनी ट्रंक त्याच्या डोक्यावर चढवली. तो प्रकाशात आला. मान ताठ, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल बेताचं. आता पडेल म्हणून पुढच्या रांगांनी आधीच हसायला सुरुवात केली. मग ते हसू मध्येच थांबलं.

"ठेव इथे," मालकाचं काम करणारा नायक म्हणाला.

धाकटा उभाच राहिला.

"ठेव म्हटलं ना."

"हात लावा, मालक."

हे वाक्य नाटकात नव्हतं. नायकाने आत पाहिलं. मास्तर कपाळ धरून बसले होते. धाकट्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. नायकाने आधी दोन बोटं लावली, मग हात, मग वाकून अख्खं अंग. त्याची टोपी घरंगळली तेव्हा कोणीतरी हसलं, पण एकटंच. ट्रंक दोघांनी मिळून खाली ठेवली.

प्रयोगानंतर थोरला आत आला. शाबासकी वगैरे काही नाही. त्याने ट्रंकेचा एक कोपरा उचलून पाहिला.

"विटा?"

"हो."

"आणि चुंबळ कुठंय?"

धाकट्याने डोकं चाचपलं. "विसरलो, दादा."

"तरीच मान आखडलीय. गाढवा, नुसत्या डोक्यावर कोणी घेतं का?" थोरल्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, पिळून त्याचं वेटोळं केलं आणि त्याच्या हातात दिलं. "उद्याला ठेव."

'उद्या' ऐकून धाकटा दाराकडे बघू लागला. तिथे मास्तर उभे होते.

"नायकाची कंबर धरलीय," मास्तर म्हणाले. "उद्या दोन विटा कमी भर."

थोरला पुढच्या उन्हाळ्यात वारला, मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हा. खांदा द्यायला नायक न बोलावता आला.