काठावरची

शिक्षकांच्या खोलीत त्या वर्गाला ‘गाळ’ म्हणत. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जी मुलं गणितात आपटली, ती सगळ्या तुकड्यांतून वेचून प्रयोगशाळेशेजारच्या अरुंद खोलीत एकत्र बसवली होती. हा वर्ग कुणालाच नको होता. नव्याने रुजू झालेल्या गणिताच्या बाईंना नाही म्हणता आलं नाही, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला.

बाई कडक होत्या, पण खोटं गोड बोलणाऱ्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं की या मुलांना गणित येत नाही, ही नंतरची गोष्ट. आपल्याला ते कधी येणारच नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. फळ्यावर उदाहरण लिहिलं की पेनं खाली पडायची. बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं आणि खालच्या इयत्तेतल्या अपूर्णांकांपासून सुरुवात केली. मुलांना ते लागलं. आम्हाला काय बाळ समजता, असं उंच्या नावाचा एक ताडमाड मुलगा फणकाऱ्याने म्हणालाही. पण उत्तरं बरोबर यायला लागली तसा तोच पुढच्या बाकावर सरकला.

मागच्या बाकावर एक मुलगी रोज झोपायची. सगळे तिला पेंगू म्हणत. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तिने खाली बघत सांगितलं की आई इस्पितळात आया आहे, तिला कायम रात्रपाळी. धाकट्या भावाला दमा. त्याला मांडीवर घेऊन बसावं लागतं. वडील कुठे असतात हे तिने सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त ठरवून टाकलं. तास सुरू झाल्यावर थोडा वेळ झोपायचं, मी उठवीन, पण उठवल्यावर कुरकुर चालणार नाही. वर्ग खो खो हसला. पेंगू मात्र दुसऱ्या दिवसापासून उठवल्याबरोबर डोळे चोळत पेन हातात घ्यायला लागली.

सत्राच्या मध्यावर सगळं पुन्हा ढेपाळलं. नव्याची नवलाई संपली होती, चाचणीत मार्क वाढले होते ते अगदीच थोडे, आणि इतर तुकड्यांतली पोरं जाता-येता नाकाला रुमाल लावून ‘गाळ, गाळ’ करायची. हजेरी रोडावली. बाईही घरी जाऊन नवऱ्यावर चिडायच्या. एक दिवस त्यांनी खडू मुलांच्या हातात दिला आणि तुम्हीच मला पेपर काढा म्हणाल्या. मुलांनी सूड उगवल्यासारखी उदाहरणं घातली. बाई फळ्यासमोर घामाघूम झाल्या आणि एका उदाहरणात चक्क चुकल्या. चूक पकडली ती पेंगूने.

‘बाई, या आता आमच्यात,’ उंच्या म्हणाला. ‘मागे जागा आहे.’

त्या दिवशी बाई मुलांबरोबर पोट धरून हसल्या. त्यानंतर जी मुलं यायची बंद झाली होती त्यांना आणायला मुलंच घरोघर गेली. पेंगूची तासाची झोप हळूहळू कमी झाली. बसमध्ये झोपते, असं ती सांगायची. सराव परीक्षेत वर्गातली बहुतेक मुलं पास झाली. काठावर झाली, पण झाली. पेंगूने आपला पेपर घडी न करता, छातीशी धरून घरी नेला.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गणिताच्या बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी आधी तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाल्या की शाळेचा निकाल आजवर शंभर टक्क्यांखाली आलेला नाही, आणि काठावरची मुलं म्हणजे टांगती तलवार. त्यांनी परीक्षा द्यावी, जरूर द्यावी, पण शाळेच्या नावावर नको, बाहेरून द्यावी. पालक तुमचं ऐकतात, तेव्हा तुम्हीच त्यांना समजावा.

बाईंनी साफ नकार दिला. मुलं पास झाली आहेत, आता त्यांना बाहेर काढलं तर सत्रभर केलेलं सगळं मातीत जाईल, असं त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं. मोठ्या बाई चिडल्या नाहीत. ठीक आहे, मी बोलते, तुम्ही फक्त शेजारी बसा, एवढंच त्या म्हणाल्या.

पेंगूची आई पाळी संपवून थेट शाळेत आली होती. अंगावर आयाचा गणवेश, डोळे तांबारलेले. मोठ्या बाईंनी तिला मायेने सगळं समजावलं. मुलीवरचा ताण कमी होईल, हे दोनदा सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पण ती बघत होती गणिताच्या बाईंकडे.

‘बाई, तुम्ही म्हणता का असं?’

‘मी नाही म्हणत,’ बाई म्हणाल्या. ‘तिने शाळेतूनच बसावं.’

‘आणि नापास झाली तर यांना उत्तर तुम्ही देणार का?’ मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं.

आई खुर्चीत पुढे सरकली. ‘पास होईल ना ती नक्की? तुम्ही एवढं सांगा, मी बाकी कुणाचं ऐकत नाही.’

बाईंच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. पण मुलांच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. पेंगू अजून भूमितीत घसरते, भावाला ऐन वेळी दम्याचा झटका आला तर पेपरला पोचणारही नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

‘नक्की कसं सांगू,’ त्या म्हणाल्या. ‘प्रयत्न...’

आईने पुढचं ऐकलंच नाही. मान हलवली आणि पुढे सरकवलेल्या कागदावर सही केली.

पेंगू दाराबाहेर उभी होती. बाई तिच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या, घरी ये, मी शिकवीन, बाहेरून बसलीस तरी पेपर तोच असतो, असं काहीबाही सांगत राहिल्या.

‘मोठ्या बाई आम्हाला पहिल्यापासून गाळच समजायच्या,’ पेंगू म्हणाली. ‘त्यांचं काही वाटलं नाही.’

एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

उरलेल्या पालकांच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. बाईंच्या घरी शिकायला उंच्या आणि आणखी दोघं-तिघं आले. उंच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पेपर देऊन पास झाला. बाकीची मुलं पांगली. पेंगू परीक्षेला बसलीच नाही.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. समारंभात मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंना पुढे बोलावून शाल घातली. टाळ्या वाजत होत्या. बाईंनी नाही म्हटलं नाही. शाल खांद्यावर घेऊन फोटोसाठी उभ्या राहिल्या.

सुट्टीत त्या पेंगूच्या घरी गेल्या. दार तिनेच उघडलं. ती आता इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरी घड्या करायला जात होती, आईनेच तिथे लावून दिलं होतं. तिने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, भावाला नमस्कार करायला लावला. पुढच्या खेपेला परीक्षा देता येईल, मी सगळं बघते, असं बाई म्हणाल्या तेव्हा तिने नीट ऐकून घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, रडली नाही. कामावर जायची वेळ झाली, तेवढं तिने सांगितलं.

नव्या वर्षी तीच अरुंद खोली पुन्हा बाईंकडे आली. पहिल्या दिवशी एका मुलाने विचारलं, ‘बाई, होऊ का आम्ही पास?’

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.