उनाड मासा

झडतीवाल्यांनी टॉर्च काचेला टेकवला आणि टाकीतल्या आडव्या मडक्याच्या तोंडात सरळ उजेड सोडला. आत कोणी नव्हतं. मग त्यांनी ओंडक्याखाली पाहिलं, गवतात पाहिलं, आणि कंबर धरून उभे राहत निकाल दिला.

"सहा मासे आणलेत म्हणता. वरचे हे पट्टेवाले सोडले तर मला एक दिसत नाही."

"आहेत हो बाबा," जावई म्हणाला. "लोच आहेत ते, तळाशी दडून राहणारे. लाजरे असतात."

"लाजरा वेगळा आणि गैरहजर वेगळा."

बिस्किटांच्या कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटताना कामगारांच्या पिशव्या तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोरचा हसला की त्यांची नजर त्याच्या खिशाकडे जाई. निरोपाच्या दिवशी एका कामगारानं गहिवरून मिठी मारली, तेव्हाही त्यांचे हात सवयीनं त्याच्या पाठीवरून कमरेपर्यंत फिरून आले होते.

बायको गेल्यावर ते आपल्या घरात एकटे राहिले आणि नुसत्या चहावर इतके वाळले, की लेकीनं एक दिवस त्यांना जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. थोडे दिवस, असं ठरलं होतं. आल्यापासून ते आतल्या खोलीत दार लोटून बसत, घरात कोणी नसलं की ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास खात, आणि पलंगाखालची बॅग भरलेलीच ठेवत. परत जायचं हे त्यांचं पक्कं होतं. लेकीला ते कळत होतं. तिकडे गेले तर आपले बाबा टिकणार नाहीत, हेही कळत होतं. ती बोलत मात्र काही नसे.

अलीकडे या घरात काहीतरी शिजत होतं. आधी हॉलमधली पांढरी ट्यूब गेली आणि कोपऱ्यात पिवळा मिणमिणता दिवा आला. मग कपाट आणि भिंत यांच्यामध्ये उंच पाठीची एक खुर्ची आली. तिथे बसलं की पाठीला भिंत, हाताशी खोलीचं दार आणि समोर बाहेरचं दार. इतकी सोयीची जागा त्यांना फाटकावरही कधी मिळाली नव्हती. मग "बाबा, बरं वाटतंय ना?" हा प्रश्न एकाएकी बंद झाला. लेक समोरून जायची ती त्यांच्याकडे न बघता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, वरच्या मजल्यावरचे लिलाववाले रोज संध्याकाळी चहाला येऊ लागले.

हे गृहस्थ जन्मभर जुन्या सामानाचे लिलाव पुकारत आले होते. साखर मागतानाही अशी मागत, की खालच्या रस्त्यावरून कोणी जास्त बोली लावली तर नवल वाटलं नसतं. यायचे, सोफ्यावर ऐसपैस पसरायचे, पत्ते वाटायचे आणि स्वतःच्याच विनोदाला आधी हसून घ्यायचे.

झडतीवाल्यांच्या सगळं ध्यानात आलं. तिकडे आपलं रिकामं घर, इकडे लिलाववाला, आणि लेक नजर चुकवते. घराचा सौदा चाललाय! मग डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा, म्हणून ते संध्याकाळी बाहेर येऊन त्या खुर्चीत बसू लागले. पहाऱ्यावरच्या माणसानं समोर आलेली बशी परत पाठवली तर संशय येतो, म्हणून खाऊही लागले. एकदा लिलाववाल्यांनी पान लपवलेलं दिसलं, तेव्हा जवळून लक्ष ठेवता यावं म्हणून स्वतःच डावात बसले.

"बाबा, तो टॉर्च बंद करा ना," जावई काकुळतीला आला. "असं बघत बसलात तर ते जन्मात बाहेर येणार नाहीत."

"मग कसे येतात?"

मासे म्हणजे जावयाचा जीव की प्राण. एकदा विचारलं की त्याला थांबता येत नसे.

"सोपं आहे. आधी उजेड मंद करायचा. मग पाठीला आडोसा मिळेल अशी जागा करून द्यायची, पण तिथून पळायची वाट दिसली पाहिजे. त्यांच्याकडे बघायचं नाही अजिबात. आणि एवढं करूनही नाही आले, तर वरच्या पाण्यात चार उनाड मासे सोडायचे, हे पट्टेवाले आहेत ना, तसले. ते हुंदडताना दिसले की खालच्याला वाटतं, ज्याअर्थी हा येडा एवढा मोकळा फिरतोय, त्याअर्थी..."

जावयाचं बोलणं मंदावत गेलं. झडतीवाले दिव्याकडे पाहत होते. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग वर, छताकडे.

"त्याअर्थी?"

"त्याअर्थी धोका नाही," जावयानं टाकीला सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"ही अक्कल कोणाची?"

"दुकानदाराची. म्हणजे... माशांपुरती. बाकीची हिची."

झडतीवाल्यांनी टॉर्च बंद केला, खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी चहाला उकळी आल्याचा वास आला, पण लिलाववाल्यांची जिन्यातली आरोळी काही आली नाही. बाहेर लेक आणि जावई काही कुजबुजले, मग तेही थांबले. झडतीवाल्यांनी कडी काढून दार बोटभर उघडलं. हॉलमध्ये कोणी नव्हतं. टाकीत पट्टेवाले मासे वर चकरा मारत होते आणि तळाच्या वाळूत, अगदी मोकळ्यावर, गांडुळासारखा लांबट, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक प्राणी मिशा हलवत काहीतरी वेचून खात होता.

एक हजर होता. पाचांचा पत्ता नव्हता.

ते भिंतीच्या कडेकडेनं बाहेरच्या दाराशी पोचले, तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून आली.

"बाबा, कुठे?"

"वर. तुझ्या साथीदाराची जबानी घ्यायला."

"त्यांना काही बोलू नका हो. मीच बोलावलं होतं त्यांना. तुम्ही जेवत नव्हता, मला दुसरं काही सुचेना."

त्यांनी चप्पल चढवली.

वरचं दार बऱ्याच वेळानं उघडलं, तेही फटीपुरतं. आत पडदे ओढलेले होते. लिलाववाले दाराला धरून उभे होते, आणि त्यांचा आवाज झडतीवाल्यांनी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता, इतका बारीक.

"काही काम होतं?"

"आज आला नाहीत."

"आज नाही जमलं. चपला घातल्या होत्या, पण... ही गेल्यापासून असं होतं कधी कधी. पाऊलच उचलत नाही."

"तुमचं? अहो, तुम्ही आमच्या सोफ्यावर लोळता!"

"तो धंद्यातला आवाज हो. तोंडातून आपोआप निघतो, त्याच्यात माझं काही नाही." लिलाववाले ओशाळं हसले. "तुमच्या लेकीनं बोलावलं, तर पहिल्या दिवशी पाच मिनिटांत घाम फुटला मला. चार दिवस कसेबसे रेटले, मग बंदच करणार होतो. पण नेमके तुम्ही बाहेर येऊन बसायला लागलात. मांडीवर मांडी टाकून, कोपऱ्यात, कसले निवांत! म्हटलं, हा माणूस एवढा निर्धास्त बसलाय, म्हणजे इथे काही भ्यायचं कारण नाही."

झडतीवाल्यांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून दोनदा फिरली. काही सापडलं नाही. तुम्हाला चोर समजून बसत होतो, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"निर्धास्तच असतो मी," ते म्हणाले. "चला. चहा निवतोय."

"आज राहू दे. उद्या बघू."

"उद्याचं उद्या. आज पत्ते मी वाटणार आहे."

एवढं बोलून ते वळले आणि जिना उतरू लागले. मागे बराच वेळ काहीच हाललं नाही. झडतीवाले थांबले नाहीत, त्यांनी मागे पाहिलं नाही. फक्त पावलं जरा आपटत टाकायला सुरुवात केली, आणि आणखी एक कप मांड म्हणून लेकीला अशी हाक दिली, की अख्ख्या जिन्याला ऐकू जावी.